मामांना चाक फास्ट, भाचीला स्लो: एकाच दुर्बिणीच्या फोकसचं प्रकरण

मामा ५८ वर्षांचे, भाची २४ ची, आणि दोघांनी मिळून घेतलेली एक नवीन दुर्बीण. १०×४२ (१० पट मोठं दाखवणारी, पुढच्या काचा ४२ मिलिमीटरच्या), रूफ प्रिझमवाली म्हणजे सरळ नळ्यांची, मधे फोकसचं चाक, जवळचा फोकस २ मीटर, म्हणजे त्याहून जवळचं शार्प होत नाही. थोड्याच दिवसांत दोघांचीही तक्रार तयार, फक्त उलटसुलट. मामांचं म्हणणं चाक फार फास्ट आहे, जरा बोट लावलं की पक्षी शार्प होतो न होतो तोच पुढे निघून जातो, मग परत मागे आणा, परत पुढे न्या, तोवर पक्षी उडालेला. भाची म्हणते अरे मामा कसलं फास्ट, मला तर अजून फास्ट चाललं असतं, झुडपातून एकदम आकाशातल्या घारीवर यायचं तर किती वेळ फिरवत बसायचं. मामांचा निकाल, दुर्बिणीत फॉल्ट आहे, विकून टाकू. भाचीचा निकाल, फॉल्ट मामाच्या बोटात आहे. ओळखीत दुर्बिणीची कटकट झाली की लोक माझ्याकडे घेऊन येतात, तसे हे पण आले.

अशा वादात कुणीतरी "ज्याची त्याची आवड" म्हणून विषय संपवतो. मला ते पटत नाही. आवड असतेच, पण तिच्या आधी तीन गोष्टी बाजूला काढाव्या लागतात: दुर्बीण नीट सेट आहे का, डोळा काय करतोय, आणि हाताला आधीची कुठली सवय आहे. हे सगळं वजा करून जे उरतं ती आवड. या केसमध्ये ते वजा करायला बराच वेळ गेला, म्हणून सगळं लिहून काढतोय.

आधी फॉल्ट आहे का ते बघितलं. चाकात प्ले असेल, म्हणजे चाक फिरतंय पण आतली फोकसिंगची काच लगेच हलत नाही असं असेल, तर मामांची तक्रार अगदी बरोबर ठरली असती. तपासायची पद्धत सोपी आहे. दुर्बीण ट्रायपॉडवर पक्की करायची, लांबची एखादी अक्षरं असलेली पाटी बघायची, एकदा जवळच्या बाजूने चाक फिरवत शार्पवर यायचं आणि एकदा लांबच्या बाजूने. दोन्ही वेळा चाक कुठे थांबलं ते चाकावर कागदी टेप लावून पेन्सिलीने खूण करायची. खुणा एकाच जागी आल्या तर प्ले नाही, लांब आल्या तर आहे.

भाचीने करून बघितलं तर खुणांमध्ये पाऊण सेंटीमीटरच्या वर अंतर. मामा लगेच म्हणाले, बघ, मी म्हणत नव्हतो? मग मामांना करायला सांगितलं तर त्यांच्या दोन खुणा जवळपास एकमेकीवर, फार तर मिलिमीटरभर इकडेतिकडे. दुर्बीण तीच, पाटी तीच, ट्रायपॉडही हललेला नाही. चाकात प्ले असता तर दोघांनाही दिसला असता ना. म्हणजे ते पाऊण सेंटीमीटर चाकात नाही, भाचीच्या डोळ्यात आहे.

आता हे जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्या केसची किल्ली इथेच आहे. तरुण डोळ्यातलं भिंग स्वतःचा आकार बदलून फोकस करतं, चोवीसाव्या वर्षी ही ताकद भरपूर असते, सहज वापरता येईल अशी ४ डायऑप्टर तरी धरायला हरकत नाही (डायऑप्टर म्हणजे चष्म्याचा नंबर मोजतात ते माप, १ भागिले मीटरमधलं अंतर). ती लहानपणापासूनच हळूहळू घसरत असते, चाळिशीनंतर ते जाणवायला लागतं आणि साठीजवळ ती जवळपास संपलेली असते. तेव्हा मोजून जो अर्धा-एक डायऑप्टर येतो त्यात भिंगाचं काम कमी आणि बाहुली लहान असल्यामुळे मिळालेली सूट जास्त. आणि दुर्बीण या ताकदीला तिच्या पॉवरच्या वर्गाने भागते. म्हणजे १०× च्या दुर्बिणीत डोळ्याकडचा १ डायऑप्टर हा समोरच्या पक्ष्याच्या बाजूला फक्त १/१०० डायऑप्टर असतो, ८× मध्ये १/६४.

याचा अर्थ काय, तर भाचीने दुर्बीण अनंतावर लावली की १००/४, म्हणजे २५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं तिचा डोळा आपोआप शार्प करून घेतो, चाकाला हात लावायची गरजच नाही. मामांना अर्धा डायऑप्टर दिला तरी त्यांचा हिशोब १००/०.५, म्हणजे २०० मीटरपासून पुढे. त्याच्या अलीकडचं प्रत्येक झाड, प्रत्येक फांदी, चाक फिरवूनच मिळवायची. भाची चाक वापरते ते फक्त जवळ यायला, मामा वापरतात ते प्रत्येक नजरेला. मग दोघांचं चाकाबद्दलचं मत एक कसं असणार?

चाकाचं मोजमाप पण घेतलं. २ मीटरपासून अनंतापर्यंत सव्वा फेरा, म्हणजे ४५० अंश. ऐकायला भरपूर वाटतं, पण हा प्रवास अंतरावर सारखा वाटलेला नसतो, तो साधारण १/अंतर या प्रमाणात जातो. २ मीटर म्हणजे अर्धा डायऑप्टर, २० मीटर म्हणजे फक्त ०.०५. त्यामुळे २० मीटरपासून अनंतापर्यंतचं सगळं जग चाकाच्या ४५ अंशांत, ५० मीटरच्या पुढचं सगळं १८ अंशांत. बाकीचा अख्खा एक फेरा आणि वर थोडं, हे फक्त २० मीटरच्या आत बघायला. दुर्बिणीवर "२ मीटर जवळचा फोकस" असं लिहिलेलं असतं त्याची किंमत ही अशी मोजावी लागते, एकतर चाक फार फिरवा नाहीतर लांबचं सगळं चिमटीत बसवा. काही मॉडेल्समध्ये व्हेरिएबल फोकस असतो, जवळ चाक भरभर काम करतं आणि लांब हळू, पण तो कमीच बघायला मिळतो.

मामांच्या डोळ्याला पाव डायऑप्टर इकडेतिकडे चालतं असं धरलं तर या चाकावर त्यांना दोन्ही बाजूंना मिळून साडेचार अंशांची जागा मिळते. चाकाचा व्यास २८ मिलिमीटर, म्हणजे कडेवर जेमतेम १ मिलिमीटर. भाचीला एका बाजूला ३६ अंश मिळतात, कडेवर ९ मिलिमीटरच्या आसपास. (हिशोब ढोबळ आहे, चाकाचा प्रवास सरळ रेषेत धरलाय, पण पेन्सिलीच्या खुणांशी बऱ्यापैकी जुळला.) मामा एका मिलिमीटरच्या आत बोट थांबवायला बघतायत आणि भाची म्हणतेय चाक स्लो आहे. दोघंही खरंच बोलत होते.

मग मामांनी जुनी दुर्बीण आणली, त्यांची लाडकी पोरो, म्हणजे खांद्यात वाकलेल्या नळ्यांची, ८×४०, जवळचा फोकस ५ मीटर आणि तिथून अनंतापर्यंत बरोब्बर एक फेरा. तोच हिशोब तिच्यावर केला तर मामांना १४ अंशांची जागा मिळते, नवीच्या तिप्पट. थोडं पॉवर कमी असल्यामुळे, जास्त चाकाच्या गियरिंगमुळे. मामा ज्याला "जुन्या दुर्बिणीचा शांतपणा" म्हणायचे तो हा. जुनीत दोषही आहे बरं का, तिचा आयपीसचा, म्हणजे डोळ्याकडच्या काचा जोडणारा, पूल डुगडुगतो, उजवा आयपीस डोळ्यावर जरा दाबला की उजव्या बाजूचा फोकस सरकतो, पण मामा त्याला वर्षानुवर्षं इतके सरावलेत की न दाबता धरतात आणि त्यांना ते कळतही नाही.

डायऑप्टरची रिंग

इथपर्यंत सगळं डोळ्याच्या वयावर ढकलता आलं असतं, पण मामांची एक ओळ मला खटकत होती, "शार्प होऊन पुढे निघून जातो". नुसतं चाक फास्ट असेल तर माणूस म्हणतो की शार्प होतच नाही किंवा पटकन हुकतं. होऊन निघून जातो आणि परत होतो, असं कुणी म्हटलं की मी आधी उजव्या आयपीसवरची रिंग बघतो, दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक भरून काढायला असते ती.

बघितलं तर रिंग मधेच कुठेतरी. मामांना विचारलं चष्मा लावून बघता की काढून, तर म्हणाले कधी असा कधी तसा. डावा नंबर उणे २.५, उजवा उणे ३.२५. आता चष्मा लावला तर दोन्ही डोळे सारखे, रिंग शून्यावर हवी. काढला तर उजव्याला पाऊण डायऑप्टर जास्त, रिंग तेवढी उणेकडे हवी. भाची कॉन्टॅक्ट लेन्स लावते, तिला शून्य. म्हणजे दोन माणसं आणि तीन सेटिंग. रिंगला लॉक नाही, आणि ती फिरवून वर येणाऱ्या आयकपला, म्हणजे डोळा टेकवायच्या कडेला, अगदी चिकटून आहे, त्यामुळे आयकप वरखाली करताना रिंगही थोडी थोडी सरकते.

पाऊण डायऑप्टरचा फरक या चाकावर सुमारे ७ अंशांचा होतो. रिंग चुकीची असताना मामांचा डावा डोळा एका जागी शार्प आणि उजवा तिथून ७ अंशांवर, मधे कुठेच दोन्ही नाहीत. मामा दोन शार्प जागांच्या मधे चाक मागेपुढे करत होते आणि तिसरी जागा शोधत होते जी नव्हतीच. चाक बिचारं काय करणार.

भाचीला याचा त्रास नव्हता असंही नाही, तिला फक्त पत्ता नव्हता. डोळे फोकस करतात तेव्हा दोन्ही एकदम आणि सारखेच करतात, एकाने अर्धा आणि दुसऱ्याने सव्वा असं त्यांना जमत नाही, त्यामुळे रिंगची चूक तरुण डोळाही पूर्ण भरून काढू शकत नाही. तिचं कधी कधी डोकं दुखायचं, ती ते उन्हावर ढकलत होती.

रिंग सेट करायची नेहमीची पद्धत बहुतेकांना माहीत असते, उजवी काच झाकून डाव्या डोळ्याने चाकावर फोकस करा, मग डावी झाकून उजव्याने त्याच वस्तूवर फक्त रिंग फिरवा. पण यात एक गोष्ट राहून जाते ती म्हणजे कुठल्या बाजूने यायचं. रिंग पूर्ण अधिककडे नेऊन उणेकडे यायचं आणि पहिल्यांदा शार्प दिसलं की तिथेच थांबायचं. चाकाचंही तसंच, जवळच्या बाजूने लांबकडे यायचं आणि पहिल्या शार्पला थांबायचं. तसं केलं की डोळा सैल असताना फोकस लागतो. उलट बाजूने आलात तर तरुण डोळा आधीच ताण देऊन शार्प करून टाकतो आणि तुम्ही तो ताण सेटिंगमध्ये पक्का करून बसता. भाचीच्या दोन खुणा लांब पडल्या त्या यामुळेच, लांबच्या बाजूची खूण ताणलेल्या डोळ्याची होती.

मामांनी शेवटी ठरवलं की दुर्बिणीला चष्मा नाहीच लावायचा. माझं मतही तेच पडलं, कारण त्यांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, मान थोडी वर गेली की नजर काचेच्या खालच्या भागातून जाते, तिथला नंबर वेगळा आणि फोकस परत हलतो. चष्म्यात सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेला वेगळा लागणारा नंबर, मोठा असता तर हा सल्ला दिला नसता, कारण सिलिंडरचा नंबर दुर्बिणीच्या चाकाने किंवा रिंगने निघत नाही, तिथे चष्मा लागतोच. मामांचा नगण्य आहे. चष्म्याशिवाय त्यांचं अनंत चाकावर नेहमीच्या अनंताच्या २०-२२ अंश पुढे येतं, या दुर्बिणीत पुढे तेवढी जागा आहे, सगळ्यांत असेलच असं नाही. ज्यांचा नंबर उणे ६-७ आहे आणि चष्मा काढून बघायचंय त्यांनी घेण्याआधी हे बघावंच. रिंगवर दोन बारीक ठिपके दिले, मामांचा लाल, भाचीचा पांढरा. हातात घेतली की आधी ठिपका बघायचा.

तरी मामा खूश नाहीत

शार्प दिसायला लागलं, डोकेदुखी थांबली, तरी मामांची एक कुरकुर राहिली: पहिला झटका नेहमी उलटा जातो. नवीन दुर्बिणीत लांब जायला चाक घड्याळाच्या दिशेने फिरतं, जुनीत उलटं. १८२५ मध्ये पॅरिसच्या लेमिएर यांनी दोन्ही नळ्या एकदम फोकस करणारं मधलं चाक आणलं, त्याला २०० वर्षं झाली, पण लांब जायला कुठल्या बाजूला फिरवायचं यावर दुर्बिणवाल्यांचं अजून एकमत नाही. माहितीपत्रकात पॉवर, काचेचा व्यास, वजन, जवळचा फोकस सगळं छापतात, दिशा क्वचितच.

भाचीला यात काही वाटत नाही कारण तिचं बोट याच दुर्बिणीवर शिकलं. मामांच्या बोटाने आयुष्यभर एकच दिशा केलीय. बसलेल्या पक्ष्यावर फरक पडत नाही, उलटं गेलं तर परत फिरवू. पण पाकोळ्या अंगावरून जातायत किंवा खंड्या सूं करून निघाला तर तो उलटा अर्धा सेकंदच सगळा असतो. यावर इलाज म्हणून चाक कायम जवळच्या टोकाला ठेवायची सवय सुचवली, म्हणजे बघायला घेतलं की दिशा एकच, आणि पहिल्या शार्पला थांबायची पद्धतही आपोआप पाळली जाते. मामांनी मनापासून करून बघितलं. बसलेल्या पक्ष्यांना जमलं, उडत्यांना नाही, कारण उडणारा पक्षी जवळही येतो आणि लांबही जातो, तिथे बोट विचार करत नाही.

बोटाचंही थोडं निघालं. नवीन चाक पुढे, काचांच्या बाजूला आहे, मामा तर्जनी ताणून टोकाने फिरवायचे. मधलं बोट वापरून बघा म्हटलं, तर्जनी नुसती टेकलेली. त्याने झटके कमी झाले. चाक जरा घट्ट असतं तर बरं असंही ते म्हणाले, पण फार घट्ट चाक आधी अडकतं आणि मग एकदम सुटतं, एका मिलिमीटरच्या खेळात ते आणखी वाईट.

मधल्या काळात सल्ले देणारे भेटलेच. एकाने सांगितलं दोन्ही डोळ्यांना वेगळा फोकस असलेली ७×५० घ्या, बोटीवर वापरतात तसली, एकदा लावली की हात लावायला नको. समुद्रावर आणि ताऱ्यांना ती खरंच छान, पण मामांच्या डोळ्याला ७× मध्येसुद्धा शंभरेक मीटरच्या पुढचंच फुकट मिळणार, समोरच्या झुडपातला वटवट्या बघायला दोन आयपीस वेगवेगळे फिरवणार कोण. दुसऱ्याने फोकस-फ्री सुचवली. तिच्यात फोकसचं काम डोळाच करतो, म्हणजे नेमकं जे मामांकडे उरलं नाही तेच ती मागते. तरुणांनाही मी ती सुचवत नाही, लांबचं जवळचं सगळं डोळ्याच्या ताणावर.

शेवटी १०×४२ भाचीकडे गेली, पूर्णपणे. पांढरा ठिपका राहिला, लाल पुसला. मामांसाठी ८×३२ बघायची ठरलं आणि दोन हातात आल्या. पहिलीचं चित्र कडेपर्यंत जास्त स्वच्छ, पण चाक फास्ट आणि दिशा मामांच्या उलट. दुसरी कडेला थोडी सैल, चाक पाऊण फेरा जास्त, दिशा जुनीसारखी. भाची म्हणाली अरे मामा, काच बघ ना, चाकाची काय सवय होते. मामा म्हणाले मला नाही व्हायची, आणि दुसरी घेतली. मला ते पटलं. कडेची शार्पनेस मामा कधी बघायचे, पक्षी मधे आल्यावर? चाक मात्र प्रत्येक नजरेला लागणार. आणि ही निवड खरी आवडीची म्हणता येईल, कारण डोळा, रिंग, पॉवर, सगळं आधी बाजूला काढून झालं होतं. भाचीचं बोट असतं तर मीही तिला पहिलीच घे म्हटलं असतं.

भाचीचं "स्लो" मात्र अजून तसंच आहे. तिला आता फुलपाखरांचा नाद लागलाय, २ मीटर लांब वाटायला लागलेत, तिने पेंटॅक्स पॅपिलिओ बघून ठेवलीय, ती अर्ध्या मीटरवर फोकस होते आणि तेवढ्या जवळ दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दिसावं म्हणून पुढच्या काचा आतल्या बाजूला सरकतात. पण अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत जायचं म्हणजे २ डायऑप्टरचा प्रवास, आत्ताच्या चौपट. ६.५× पॉवरमध्ये तिच्या डोळ्याला लांबचं बरंच फुकट मिळेल, पण फुलावरून आकाशात यायला चाक किती फिरवावं लागतंय ते हातात घेऊनच बघ, एवढं तिला सांगून ठेवलंय.